काजव्याला स्वयंप्रकाशी म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की काजवे किंवा खोल समुद्रातले चमकणारे मासे यांना 'स्वयंप्रकाशी' म्हटलं तर चालेल का, आणि बायोल्युमिनेसन्सला, म्हणजे सजीवांच्या अंगातून निघणाऱ्या उजेडाला, मराठीत काय म्हणायचं.

चालेल की. शाळेच्या पुस्तकात तारे स्वयंप्रकाशी असतात तसेच काजवेही. फक्त कृपा करून त्यांच्यात 'रेडियम असतं' म्हणू नका, मे-जूनमध्ये भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलं की कुणीतरी शेजारी उभं राहून पोरांना हेच सांगत असतं आणि माझं डोकं फिरतं. ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याची ऑक्सिजनशी क्रिया होते, ल्युसिफेरेज हे विकर (एन्झाइम) ती घडवून आणतं, त्यातून उजेड निघतो आणि उष्णता जवळपास नाहीच. काजवा अलगद मुठीत घेऊन बघा, बोटांच्या फटीतून हिरवट उजेड झिरपतो पण तळहाताला ऊब म्हणून लागत नाही.

आणि 'काजवा म्हणजे स्वयंप्रकाश आत्म्याचं प्रतीक' हेही नको. बृहदारण्यक उपनिषदात जनक राजा याज्ञवल्क्य ऋषीला विचारतो, माणसाला उजेड कशाचा? सूर्याचा. तो मावळला तर? चंद्राचा. तोही मावळला तर अग्नीचा, अग्नी विझला तर वाणीचा (काळोखात कुणी हाक मारली की आपण आवाजाच्या रोखाने जातोच ना), आणि वाणीही थांबली तर आत्म्याचा. तिथला 'स्वयंज्योती' म्हणजे जो कळायला दुसरं काहीच लागत नाही तो. काजवा कितीही चमकला तरी तो बघणारा कुणीतरी लागतोच.

आता खरी गंमत. अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात, काजव्याला दोन नावं शेजारीशेजारी दिलीत, 'खद्योतो ज्योतिरिङ्गणः'. ख म्हणजे आकाश, खद्योत म्हणजे आकाशात चमकणारा, आणि हाच शब्द संस्कृतात सूर्यालाही आहे! त्याचं प्राकृतात झालं खज्जोअ, आणि तोच आपला काजवा. 'काजवा अस्सल देशी, संस्कृतशी संबंध नाही' असं ठासून सांगणाऱ्यांनी आधी अद्यचं अज्ज होऊन 'आज' कसं झालं आणि विद्युतची 'वीज' कशी झाली ते सांगावं, द्य चा ज्ज होतो हा साधा नियम आहे. खचा क का झाला एवढंच अडतं. माझं मत असं की शेजारच्या 'काजळ'ने तो ओढून घेतला, काजळी रात्र आणि काजवा जिभेवर एकत्रच येतात. पटत नसेल तर दुसरं कारण द्या, नुसतं 'पुरावा नाही' म्हणून उडवून लावू नका.

दुसरं नाव ज्योतिरिंगण, त्याच्यापासून हिंदीतला जुगनू आला असं मानतात. हा शब्द ज्योति अधिक रिंगण असा फोडणारे चुकतात, वारीतल्या रिंगणाचा इथे काही संबंध नाही. तो ज्योतिस् अधिक इंगण. इंग् म्हणजे हलणे, आणि त्याच धातूपासून 'इंगित', म्हणजे खूण, इशारा! काजव्याचा नर चमकतो तो मादीला खूण करायला, मादी उलट चमकून उत्तर देते. हलता उजेड आणि इशारा दोन्ही एका धातूत बसलेत, यापुढे कुठलीही परिभाषा मला फिकी वाटते.

म्हणूनच विश्वकोशातला 'जीवदीप्ती' मला पुरता पटत नाही, दीप्ती म्हटलं की स्थिर तेज डोळ्यासमोर येतं, उघडझाप येत नाही. पण लेखात एकच शब्द हवा असेल तर तोच लिहा, 'जैविक प्रकाशमानता' मात्र नको.