आयव्हरमेक्टिन चालू असताना कुत्र्याला पिसवांची गोळी चालते का?

तुम्ही विचारलंय की कुत्र्याला आयव्हरमेक्टिन चालू आहे, पिसवाही झाल्यात, तर स्पिनोसॅडची गोळी देऊ का. खरजेसाठी रोज चालू असेल तर अजिबात देऊ नका.

हे मी आमच्या कुत्र्यावरून शिकलो. त्याला डेमोडेक्सची, म्हणजे कातडीत राहणाऱ्या बारीक किड्यांची खरूज झाली होती. हृदयातल्या जंतांपासून बचाव म्हणून आयव्हरमेक्टिन देतात ते किलोमागे ६ मायक्रोग्रॅम, तेही महिन्यातून एकदाच. डेमोडेक्सला रोज ३०० ते ६०० लागतं. औषध तेच, पण मात्रा ५० ते १०० पट. मी चार दिवस बाहेरगावी गेलो तेव्हा दादाला पिसवा दिसल्या. घरात पडलेली स्पिनोसॅडची गोळी त्याने जेवणात घालून दिली. मला फोन करायचं काही सुचलं नाही त्याला.

मी परतलो तेव्हा कुत्रा दारातून आत यायला निघाला आणि चौकटीवर डोकं आपटून तिथेच बसला. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. बाहुल्या एवढ्या पसरलेल्या की डोळ्यांचा तपकिरी रंगच दिसेना. नाकाशी वाटी धरली तर वास घेत होता, पण तोंड भलतीकडेच नेत होता. डॉक्टर म्हणाले, याला उतारा नाही. सलाइन लावायचं, कुशी बदलत राहायचं आणि वाट बघायची. चौथ्या दिवशी तो उभा राहिला. नजर त्याच्याही नंतर आली.

दादाचं म्हणणं, "दोन्ही औषधं डॉक्टरांनीच दिलेली होती, आणि आपला काही कॉली नाही." कॉली ही मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांची जात, आणि हा कॉलीचा मुद्दा सगळेच काढतात. मेंदूच्या उंबऱ्यावर आयव्हरमेक्टिन बाहेर फेकणारा एक पंप असतो, पी-ग्लायकोप्रोटीन. बऱ्याच कॉलींमध्ये तो जन्मतःच बिघडलेला असतो. त्यामागचा जनुकातला दोष २००१ साली सापडला. पण चांगल्या कुत्र्याचा धडधाकट पंपही स्पिनोसॅड तुंबवतं. मग जात विचारून काय उपयोग? बुरशीवरचं किटोकोनाझोल आणि प्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोस्पोरिनही तेच करतात, म्हणून त्वचेच्या डॉक्टरांना आधीची प्रत्येक गोळी सांगायची, मागच्या महिन्यातलीसुद्धा.

तुमच्याकडे आयव्हरमेक्टिन फक्त महिन्याच्या बचावाच्या मात्रेत असेल, तर एवढं घाबरायचं कारण नाही. त्या मात्रेबरोबर स्पिनोसॅड चालतं. हे आधीच लिहायला हवं होतं. खरजेची मात्रा असेल तर मात्र ती बंद केल्यावरही औषध अंगात बरेच दिवस रेंगाळतं, त्यामुळे मध्ये किती दिवस सोडायचे ते तुमच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या.

दादा अजूनही म्हणतो की कुत्र्याने उंदराचं औषध खाल्लं असणार. दादा, आपल्याकडे होतं ते रक्त न गोठू देणारं. त्याने हिरड्यांतून रक्त आलं असतं, बाहुल्या पसरल्या नसत्या.