ब्रिटनमध्ये कॅफे काढताय? दशमांशाआधी पगारपत्रक बघा

दादा, प्रभूमध्ये सलाम. तुमच्या पत्नी नर्स म्हणून लेस्टरला येताहेत आणि त्यांच्या डिपेंडंट व्हिसावर येऊन तुम्ही छोटं बेकरी-कॅफे काढणार आहात. या व्हिसावर स्वतःचा धंदा करता येतो. आता रविवारची सुट्टी, फक्त ख्रिस्ती कामगार, नको त्या मजकुराचा केक आणि दशमांश (कमाईचा दहावा भाग चर्चला देणं), हे तुमचे चार प्रश्न.

रविवारी बंद ठेवायला कायदा आड येत नाही, पण भाडेकरार येऊ शकतो. शॉपिंग सेंटरच्या करारात ठरलेल्या वेळी गाळा उघडा ठेवायचं कलम असतं. सहीआधी सॉलिसिटरकडून ते तपासून घ्या. आणि भाडं 1,800 पौंड असेल तर 30 दिवसांवर रोज 60 पडतं, रविवार सोडून 26 दिवसांवर 69. हा फरक पहिल्याच दिवशी दरपत्रकात धरा. नाही तर पुढे 'उपासना झाल्यावर दुपारी उघडू' सुरू होतं.

फक्त ख्रिस्ती माणसं? नाही. 2010 च्या इक्वॅलिटी अ‍ॅक्टमुळे (समानतेचा कायदा) धर्म बघून नोकरी देता-नाकारता येत नाही. धार्मिक संस्थांना काही पदांसाठी सूट आहे, पण कॉफी करणाऱ्याला ती लागू होते हे सिद्ध करणं जवळजवळ अशक्य. प्रार्थना ठेवायची तर ऐच्छिक ठेवा, आणि न येणाऱ्याच्या शिफ्टवर त्याचा परिणाम होऊ देऊ नका.

केकचं प्रकरण बेलफास्टच्या अ‍ॅशर्स बेकरीवर गाजलं. 2014 मध्ये समलिंगी विवाहाला पाठिंबा देणाऱ्या घोषणेचा केक त्यांनी नाकारला, आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. कारण हरकत मजकुराला होती, माणसाला नव्हे. उलट समलिंगी जोडप्याला डबल बेडची खोली नाकारणारे कॉर्नवॉलमधले ख्रिस्ती गेस्टहाउसवाले 2013 मध्ये हरले. म्हणजे दोन पुरुषांच्या लग्नाला साधा केक हवा असेल तर इतर लग्नांना देता तसाच द्यायचा. घोषणा लिहायच्या नसतील तर ऑर्डर फॉर्मवरच 'राजकीय वा प्रचाराचा मजकूर लिहिला जात नाही' असं छापा आणि तो नियम सगळ्यांना सारखा लावा.

कामगारांचा धर्म आणि केकचा मजकूर, या दोन गोष्टींवर लोक तासन्‌तास बोलतात. धंदा मात्र मजुरीत अडकतो. मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, विद्यार्थी मुलं प्रेमाने 'काका, शनिवारी मदतीला येऊ' म्हणतात आणि आपण त्याला सेवा समजतो. नफ्याच्या धंद्यात असं विनावेतन काम चालत नाही. वेळ ठरवून काउंटरवर उभं केलं की ते काम झालं, आणि 21 वा त्यावरच्या वयाच्याला किमान दर द्यावाच लागतो: एप्रिल 2025 पासून तासाला 12.21 पौंड, एप्रिल 2026 पासून 12.71. स्टुडंट व्हिसावर पदवीचं शिकणाऱ्याला सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासच करता येतात, तेही सगळ्या नोकऱ्या मिळून. कामाच्या पहिल्या दिवसाआधी त्याच्याकडून शेअर कोड (त्याने सरकारी साइटवरून काढलेला कोड) घेऊन काम करायची परवानगी त्या साइटवर तपासा आणि निकालाची प्रत ठेवा. तपासणी चुकली आणि माणूस बेकायदा निघाला तर पहिल्याच वेळी माणशी 45,000 पौंडांपर्यंत दंड बसतो. पाळकांची (चर्चच्या धर्मगुरूंची) ओळख तिथे कामाला येत नाही. मजुरी रात्रभर अडवू नये असं बायबलमधलं लेवीय 19:13 सांगतं. इथे त्याचा सरळ अर्थ असा की बँक ट्रान्स्फर ठरल्या तारखेला, पे-स्लिपसकट. टिप्ससुद्धा ऑक्टोबर 2024 पासून पूर्णच्या पूर्ण कामगारांच्या, पुढचा महिना संपायच्या आत वाटायच्या.

दशमांश गल्ल्यातून काढू नका. गल्ल्यात व्हॅटही (विक्रीवरचा कर) असतो, तो सरकारचा. सलग 12 महिन्यांची करपात्र विक्री 90,000 पौंडांवर गेली की नोंदणी सक्तीची. बसून खाल्लेल्या केकवर 20 टक्के, पार्सल नेलेल्या केकवर शून्य. दोघांची बटणं टिलवर पहिल्यापासून वेगळी ठेवा आणि व्हॅटचे पैसे दर आठवड्याला दुसऱ्या खात्यात टाका. पगार, भाडं, मालवाल्यांची बिलं आणि कर वजा जाऊन जे उरेल त्याचा दहावा भाग.

एकट्याच्या नावावर धंदा असेल तर गिफ्ट एड या सरकारी देणगी-योजनेचा फॉर्म भरा. चर्चला प्रत्येक पौंडामागे सरकारकडून 25 पेन्स मिळतात. पण पहिल्या वर्षी उत्पन्न 12,570 पौंडांच्या आत राहिलं तर तुम्ही आयकरच भरलेला नसतो, आणि चर्चने घेतलेली ती रक्कम कर खातं तुमच्याकडून वसूल करू शकतं. त्या वर्षी गिफ्ट एडच्या फॉर्मवर खूण करू नका. लिमिटेड कंपनीला गिफ्ट एड नाही. तिची देणगी कॉर्पोरेशन टॅक्सआधी नफ्यातून वजा होते. गावाकडच्या मंडळीला थेट पाठवलेल्या पैशांवर यातली कुठलीच सवलत नाही, म्हणून त्यांचा वाटा घरखर्चातून वेगळा धरा.