गालिचा आधी उलटा करा

प्रश्न : मुलगा लष्करात आहे. श्रीनगरहून त्याने लोकरी गालिचा आणला, हाताने विणलेला म्हणतो. ओळखू कसा? आणि उन्हात टाकू का? – एक आई, अमळनेर

उत्तर : ताई, आधी तो उलटा करा. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याची नक्षी पाठीवरही स्पष्ट दिसते. झालर म्हणजे ताण्याचीच (विणीतल्या उभ्या धाग्यांची) टोकं. ती वेगळी शिवलेली असेल तर शंका घ्या. पाठीला कापड डिंकाने चिकटवलेलं असेल, तर तो गाठींचा नव्हेच.

काश्मिरी विणकर चित्र पाहून विणत नाहीत. ‘तालीम’ नावाच्या सांकेतिक लिपीत कोणत्या रंगाच्या किती गाठी, एवढंच लिहिलेलं असतं. (माझी आजी गोधडीचे टाके असेच पुटपुटत मोजायची.) या गालिच्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

आणि ऊन? मे महिन्यात आपल्याकडे केळीची पानं करपतात, तिथे रंगांचं काय! सावलीत, वाऱ्यावर टाका. गुंडाळून मात्र ठेवू नका. मी माझा दोन पावसाळे पलंगाखाली कोंबला होता. उघडला तर कसरीने मधोमध तळहाताएवढं टक्कल पाडलेलं. आता त्यावर पानाचा डबा ठेवते.