‘पंतप्रतिनिधी’ या पदातील ‘प्रतिनिधी’ म्हणजे नेमके काय आणि ते पद कोठून आले?

‘प्रतिनिधी’ म्हणजे एकाच्या जागी ठेवलेला दुसरा. हा शब्द राजकारणाच्या आधी यज्ञाचा आहे: यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसाशास्त्रात, यज्ञात रसासाठी लागणारी सोमवल्ली न मिळाल्यास तिच्याऐवजी वापरायच्या पूतिका या वनस्पतीला ‘प्रतिनिधी’ म्हणतात. मूळ वस्तूचे काम तिच्या जागी उभे राहून करणे हा अर्थ तेथेच पक्का झालेला दिसतो, आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

मराठी राज्यात राजाराम महाराजांनी जिंजीच्या मुक्कामात प्रल्हाद निराजी यांना हे पद दिले आणि ते अष्टप्रधानांच्याही वर मानले गेले. पुढे परशुराम त्रिंबक प्रतिनिधी झाले. सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्यावर त्यांच्या घराण्याची एक शाखा कोल्हापूरकडे राहिली, तीच विशाळगडकरांची. कालांतराने हे पद वंशपरंपरागत सरंजाम, म्हणजे सेवेबद्दल मिळणारी महसुली जहागीर, होऊन बसले.

इंग्रजी ‘रीजंट’लाही ‘प्रतिनिधी’ म्हणावेसे वाटेल, पण तो वेगळा: राजा अज्ञान किंवा असमर्थ असताना त्याच्या नावाने कारभार पाहणारा. चौथ्या शिवाजी महाराजांच्या वेळी कागलचे जयसिंगराव घाटगे, म्हणजे राजर्षी शाहूंचे जनक वडील, कोल्हापूरचे रीजंट होते. त्यांना ‘प्रतिनिधी’ म्हटल्यास विशाळगडकरांशी घोटाळा होतो, म्हणून कोल्हापूरच्या इतिहासात हे दोन्ही शब्द वेगळेच ठेवावेत.