वाचकांचे प्रश्न : खाऱ्या पाण्याच्या नव्या टाकीतील शेवाळ

प्रश्न : सात आठवड्यांपूर्वी घरी २०० लिटरची प्रवाळांची टाकी सुरू केली. कोरडे खडक, विकतचे समुद्री मीठ आणि घरच्या आरओचे पाणी वापरले आहे. बोअरच्या पाण्याचा टीडीएस (एक लिटर पाण्यात विरघळलेले पदार्थ, मिलिग्रॅममध्ये) ९०० आणि आरओच्या पाण्याचा ७० येतो. आधी वाळूवर तपकिरी थर आला. आता खडकांवर केसांसारखे हिरवे शेवाळ वाढत आहे. चाचणीत नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य दिसतात. उन्हाळ्यामुळे टाकीवर पंखा लावलेला असतो. टाकी रिकामी करून खडक उकळून घ्यावेत का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : टाकी रिकामी करू नये, आणि खडक तर मुळीच उकळू नयेत. अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू याच खडकांच्या छिद्रांत वस्तीला आलेले असतात. ते मेले की सारे पहिल्यापासून करावे लागेल, आणि शेवाळही पहिल्यापासूनच येईल. त्याहून गंभीर बाब अशी की, खडकाला झोअँथिड जातीचे प्रवाळ चिकटलेले असल्यास त्यांच्यातील पॅलिटॉक्सिन हे जहाल विष वाफेबरोबर घरभर पसरू शकते. अशा प्रकारे घरातील माणसांना विषबाधा झाल्याच्या घटना परदेशांत घडलेल्या आहेत.

वाळूवरचा तपकिरी थर बहुधा डायटम या सूक्ष्म एकपेशी शैवालाचा होता. बोट फिरवताच तो सुटतो आणि पाण्यात धुरळा उडावा तसा पसरतो. डायटम आपले कवच सिलिकापासून बनवतात. नव्या टाकीत ते येतातच आणि पाण्यातला सिलिका संपला की काही आठवड्यांत ओसरतात. हिरव्या शेवाळाचे तसे नाही. त्याचे धागे खडकाला घट्ट धरून बसतात आणि ते नायट्रेट व फॉस्फेटवर पोसले जाते. चाचणीत शून्य दिसते याचा अर्थ पोषकद्रव्ये नाहीत असा न घेता, ती पाण्यात उतरताच शेवाळ शोषून घेत आहे असा घ्यावा. कोरड्या खडकांत साठलेला फॉस्फेट कित्येक महिने झिरपत राहतो. त्यात माशांच्या खाद्याची भर पडते.

तथापि आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा आकडा ७० हा आहे. मराठवाड्याचा बहुतेक भूभाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा असून तो झिजताना सिलिका, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भूजलात उतरतात, आणि शेतीच्या पट्ट्यात खतांमुळे नायट्रेटही मिसळते. घरगुती आरओ पिण्यासाठी असल्याने त्यातील टीडीएस कंट्रोलर चवीसाठी थोडे न गाळलेले पाणी मुद्दाम परत मिसळतो. पिण्यासाठी ते उत्तमच. टाकीसाठी मात्र नाही, कारण बाष्पीभवनात उडते ते केवळ शुद्ध पाणी आणि त्यातले क्षार मागे राहतात. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात पंख्याखाली रोज ४ लिटर पाणी उडाले, असे धरू. महिन्याला १२० लिटर भर घालावी लागेल आणि ७० टीडीएसच्या हिशेबाने सुमारे ८.४ ग्रॅम विद्राव्य पदार्थ टाकीत साठतील. म्हणजे आपण टाकीला पाणी घालताना शेवाळाला खतही घालत आहात. आरओच्या पुढे डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या मण्यांचा, वेगळा फिल्टर जोडून घ्यावा आणि पाण्याचा टीडीएस ० येईल तेव्हाच ते वापरावे. मीटरवर १ किंवा २ दिसू लागले की रेझिन लगेच बदलावे, कारण थकलेल्या रेझिनमधून सिलिका आधी निसटतो. भर नेहमी गोड्या शुद्ध पाण्याचीच घालावी. मिठाचे पाणी घातल्यास क्षारता, म्हणजे पाण्याचा खारेपणा, वाढत जाते. विशिष्ट गुरुत्वाच्या मापात ती १.०२५ च्या आसपास स्थिर हवी.

शेवाळ काढताना खडक बाहेर न घेता एका हाताने टूथब्रशने घासावे आणि दुसऱ्या हाताने सायफनची नळी अगदी ब्रशला लावून धरावी; तुटलेले धागे पाण्यात सोडले तर ते दुसरीकडे रुजतात. याच वेळी १० टक्के पाणी बदलले जाते, आणि आठवड्यातून एकदा एवढे पुरेसे आहे. दिवे रोज ६ ते ८ तासच ठेवावेत आणि खिडकीचे ऊन टाकीवर येऊ देऊ नये. फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त माध्यम वापरायचे झाल्यास थोडेच वापरावे. सगळे एकदम शून्यावर आणण्याचा अट्टहास केल्यास डायनोफ्लॅजेलेट हे सूक्ष्म एकपेशी जीव माजण्याचा धोका असतो, आणि बुडबुडे अडकलेली ती तपकिरी, चिकट तार हिरव्या शेवाळापेक्षा कितीतरी चिवट असते. नायट्रेट २ ते १० पीपीएम (दशलक्ष भागांतील भाग) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम राहिलेले चांगले. प्रवाळांनाही ते लागतात.

प्रश्न : शेवाळ खाण्यासाठी आणलेल्या टर्बो जातीच्या समुद्री गोगलगायी मे महिन्यात एकेक करून मेल्या. मालवणच्या किनाऱ्यावरून गोगलगायी आणि जिवंत खडक आणले तर चालतील का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : जिवंत खडक, म्हणजे प्रवाळ आणि इतर जीव वस्तीला असलेले समुद्रातले खडक, आणू नयेत. आपल्या समुद्रातील खडक बांधणारे सर्व प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि ते गोळा करणे गुन्हा आहे. किनाऱ्यावरच्या गोगलगायीही तेथेच असू द्याव्यात. त्यांतील कित्येक शेवाळ खाणाऱ्या नसतात आणि काही तर शिकारी असतात.

बाजारात मिळणारी मेक्सिकन टर्बो तुलनेने थंड पाण्यातली आहे, त्यामुळे २८ अंशांच्या पुढे ती तग धरत नाही. परभणीच्या मे महिन्यात वीज गेली की टाकी तेवढी सहज तापते. त्याऐवजी ट्रोकस जातीची गोगलगाय घ्यावी, ती उष्णता अधिक सोसते आणि उलटी पडली तरी स्वतः सरळ होते, टर्बोला बहुधा ते जमत नाही. नवी गोगलगाय टाकीत सोडण्यापूर्वी टाकीचे पाणी तिच्या भांड्यात थेंबथेंब तासभर सोडावे, कारण क्षारतेतला अचानक बदल तिला मारतो. माशांना पूर्वी तांबेयुक्त औषध दिले असल्यास तेही विचारात घ्यावे. गोगलगायींना तांबे अत्यल्प प्रमाणातही घातक असते. खडक स्वच्छ झाल्यावर त्या उपाशी मरतात, म्हणून तेव्हा नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पापडीचा) लहान तुकडा दगडाखाली दाबून ठेवावा आणि उरलेला दुसऱ्या दिवशी काढून टाकावा.