जुन्या लाकडी टेबलाला घरच्या घरी दोन रंग देता येतील का? वरची फळी लाकडी, पाय पांढरे. सुरुवात कुठून करू?

देता येतील. सुतार लागत नाही, पण पाच-सहा दिवस आणि घरच्यांची सहनशक्ती लागते. सुरुवात वरच्या फळीपासून करा. स्टेन, म्हणजे लाकडाच्या रेषा दिसू देणारा पातळ रंग, लाकडात मुरतो; नेहमीचा रंग लाकडावर बसतो. स्टेनचा ओघळ पायावर आला तर तो पांढऱ्याखाली झाकता येतो. पांढऱ्याचा शिंतोडा उघड्या फळीवर उडाला तर मात्र तो लाकडाच्या रेषांत जाऊन बसतो आणि तुम्ही पुन्हा पॉलिश पेपर घेऊन घासत बसता.

हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे सासऱ्यांचं लिहायचं टेबल आहे. सागवानी, दोन ड्रॉवर, खाली पेपर ठेवायला एक फळी. कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं जुनं घर सोडताना सोबत आणलेलं. त्यावर कुणीतरी कधीकाळी पोपटी तेलरंग फासला होता. मी उत्साहात पाय घासले, पाण्यातला क्रीम रंग आणला, दोन हात मारले आणि फोटो काढून माहेरी पाठवले. पंधरा दिवसांत पायांवर चहा सांडल्यासारखे पिवळट डाग उमटले. पुन्हा एक हात दिला, डाग पुन्हा वर.

शेजारच्या बंगल्यात पॉलिशचं काम चालू होतं. तिथल्या मिस्त्रींना बोलावून दाखवलं. त्यांनी पायावर नख मारलं आणि म्हणाले, "वैनी, सागवान हाय न्हवं हे? त्याचा रस आतनं वर येतोय. आधी त्याचं तोंड बंद करा, मग काय पायजे तो रंग द्या."

तोंड बंद करायचं ते लाखेनं. चपडी म्हणून पातळ पापुद्रे मिळतात, आमच्याकडे लक्ष्मीपुरीत रंगाच्या दुकानात मिळाली. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर लाखेचे किडे राहतात, त्यांचा तो चिकट स्राव. एक लिटर स्पिरिटला दीडशे ते दोनशे ग्रॅम चपडी घालून बरणी रात्रभर ठेवायची, मधूनमधून हलवायची, सकाळी मलमलमधून गाळायची. पायांना याचे दोन पातळ हात दिले की सागवानातलं टॅनिन (डाग पाडणारं द्रव्य) आणि तेल वर येत नाही. मग 220 नंबरच्या पेपरनं हलकं घासून प्रायमर (रंगाखालचा पहिला हात), आणि त्यावर पांढरा. पांढरा पाण्यातला इनॅमल घ्या. तेलातला पांढरा रंग बंद खोलीत हळूहळू पिवळा पडतो, मग एवढ्या खटाटोपाला अर्थ राहत नाही.

वरच्या फळीला मात्र मी लाख लावली नाही. लाखेला गरम सोसत नाही, गरम कप ठेवला की पांढरं कडं उमटतं. ज्या घरात दिवसातून चार वेळा चहा होतो तिथं टेबलाच्या फळीवर लाख म्हणजे भांडणाला निमंत्रण. फळीवर तेलातला स्टेन आणि वर ब्रशनं मारता येणारा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर, हे माझं मत. शिवाय साध्या चपडीत मेण असतं, त्यामुळे तिच्यावर पीयू नीट धरत नाही. म्हणून पायांची लाख पायांनाच. देव्हारा, कोनाड्यातलं कपाट, आरशाची चौकट अशा कमी हाताळल्या जाणाऱ्या वस्तूंवर लाखेचं पॉलिश अजूनही सगळ्यात देखणं दिसतं. पण तिथं एक जपा: खाली स्पिरिटमधला स्टेन नको. लाखेतलं स्पिरिट तो विरघळवतं आणि सगळा रंग पॉलिश लावायच्या कापडी पुरचुंडीवर येतो.

आता घासकाम. जुना रंग काढताना माझी घाई नडली असती, मिस्त्रींनी थांबवलं. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाखात 90 भाग) मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या तेलरंगात शिसं असू शकतं, जुन्या पोपटी-पिवळ्यात तर जास्तच संशय धरावा. म्हणून तो कोरडा घासायचा नाही. रंग काढायचं रसायन लावून पत्र्याच्या पट्टीनं खरवडा, उरलेलं ओल्या वॉटर पेपरनं, तोंडाला चांगला मास्क, पोरं आणि मांजर दुसऱ्या खोलीत. राहिलेलं लाकूड वाळलं की 120 नंबरचा पेपर, मग 180, कायम रेषांच्या दिशेनं. आडवं घासलं तर स्टेन लावल्यावर प्रत्येक ओरखडा काळा होऊन वर येतो. फळी प्लायची आणि वर विनियर (अस्सल लाकडाचा पातळ पापुद्रा) असेल तर मशीन लावूच नका, तो थर कागदाइतका असतो. आणि सनमायका असेल तर स्टेन विसरा, त्यात मुरायला काही नाही.

खिळ्यांची भोकं लांबीनं (रंगाच्या दुकानातल्या पुटीनं) भरली तर ती जागा स्टेन वेगळाच पिते. त्याच लाकडाचा भुस्सा थोड्या फेविकॉलमध्ये कालवून भरतात, पण गोंदामुळे तीही जागा जरा फिकी राहते. म्हणून फळीवर भरायचं ते कोपऱ्यात, डोळ्यात न भरेल असं. पायांना काय, वर रंगच येणार आहे, लांबी बिनधास्त भरा.

स्टेन लावण्याआधी सागवान थिनरच्या फडक्यानं पुसून घ्या, वरचं तेल जातं. शेड टेबलाच्या पोटाला, खालच्या बाजूला लावून बघा. डब्यावरचा अक्रोड रंग तुमच्या लाकडावर अक्रोडासारखा दिसेलच असं नाही आणि गडद झालेलं पुन्हा फिकं होत नाही. सुती कापडानं लावा, पाच-सात मिनिटांनी जादाचं पुसून काढा, दिवसभर सुकू द्या. ते कापड गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलासारखं तेल हवेत सुकताना तापतं आणि चुरगळलेल्या बोळ्याला आपोआप आग लागू शकते. कापड बाहेर दोरीवर पसरून वाळवा, कडक झालं की मगच कचऱ्यात.

दोन रंगांची सीमा सरळ कशी येते ते खरं बघण्यासारखं. माझ्या टेबलाला फळीच्या कडेला खाचच होती म्हणून सोपं गेलं. ड्रॉवरच्या दर्शनी पट्टीवर मात्र अर्धी बाजू लाकडी आणि अर्धी पांढरी हवी होती. तिथं मिस्त्रींनी पट्टी धरून ब्लेडनं एक बारीक चीर मारली, केसभर खोल. म्हणाले, "स्टेन रेषेतनं पळतोय, त्याची वाट तोडली की थांबतोय." स्टेन सुकल्यावर त्या बाजूला पीयूचा एक हात दिला. तो वाळल्यावर चिरेवर मास्किंग टेप लावली, कड नखानं दाबली, आणि पांढरा मारण्याआधी टेपच्या काठावरून त्याच पीयूचा अगदी पातळ हात फिरवला. टेपखाली जे काही झिरपायचं ते रंगहीनच झिरपतं आणि फट बुजते. मग पांढऱ्याचे हात. शेवटचा हात अजून ओलसर असतानाच टेप तिरकी, सावकाश मागे ओढायची. पूर्ण वाळू दिली तर टेपबरोबर रंगाची सालही निघते. ती रेघ बघायला मी नवऱ्याला आणि सासऱ्यांना दोनदा बोलावलं.

ड्रॉवरच्या आतल्या सरकत्या कडांना रंग लावू नका, नाहीतर पहिल्याच पावसात ड्रॉवर उघडायला दोघं लागतील. आणि हो, हे काम जूनच्या पुढे काढूच नका. कोल्हापुरात झड लागली की हवेत नुसतं पाणी असतं. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतली वाफ धरते आणि लाख चुना फासल्यासारखी दुधाळ होते. माझ्या देव्हाऱ्याचं ऑगस्टमध्ये असंच झालं होतं. दिवाळीनंतर एका कोरड्या दुपारी स्पिरिटनं किंचित ओली केलेली पुरचुंडी वरून फिरवली तेव्हा गेलं.

रंग हाताला सुका लागला म्हणजे तयार झाला असंही नाही. दोन-तीन आठवडे वर प्लास्टिकचं कव्हर नको, जड काही नको. आमच्याकडे पाचव्या दिवशी सासऱ्यांनी पेपरचा गठ्ठा खालच्या पांढऱ्या फळीवर नेहमीच्या जागी ठेवला. गठ्ठा उचलला तेव्हा सगळ्यात खालचं पान चिकटून राहिलं. कागद ओल्या फडक्यानं निघाला, पण एक मथळा उलटा उमटलाय. सासरे म्हणतात राहू दे, आरसा धरला की वाचता येतो.