रंग, अंगकाठी आणि किरणे सोसण्याची ताकद

प्रश्न : जनुके बदललेले काही उंदीर क्ष-किरणांच्या अल्प मात्रेनेही दगावतात, असे वाचनात आले. असा उंदीर रंगावरून किंवा अंगकाठीवरून ओळखता येतो का?

उत्तर : अंगकाठीवरून काही वेळा अंदाज बांधता येतो, पण तो खात्रीचा नसतो. क्ष-किरणांमुळे पेशीतील डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी तुटले, तर टोके पुन्हा जोडण्याचे काम ठरावीक प्रथिने करतात. त्यांपैकी केयू-८० या प्रथिनाचे जनुक निकामी केलेले उंदीर १९९६ मध्ये तयार झाले, तेव्हा ते किरणांपुढे दुबळे तर ठरलेच, शिवाय भावंडांच्या साधारण निम्म्या वजनाचे राहिले. याउलट ‘स्किड’ या, रोगप्रतिकारशक्ती जवळजवळ नसलेल्या उंदरांत अशाच एका प्रथिनात दोष असतो (हा बदल मात्र निसर्गतः घडलेला आहे), तरी स्वच्छ पिंजऱ्यात ते दिसायला धडधाकट असतात.

रंगाच्या बाबतीत फसगत होण्याचा संभव अधिक. प्रयोगशाळेतील ‘बाल्ब-सी’ या वाणाचे पांढरे उंदीर ‘सी-५७’ या वाणाच्या काळ्या उंदरांपेक्षा किरणांना लवकर बळी पडतात, त्यामुळे पांढरेपणालाच दोष द्यावासा वाटतो. परंतु पांढरा रंग सातव्या गुणसूत्रावरील जनुकामुळे येतो, तर त्यांच्या डीएनए-दुरुस्तीतील उणीव ज्या जनुकामुळे येते ते सोळाव्या गुणसूत्रावर आहे; म्हणजे दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत. उंदीर कोणत्या प्रकारचा आहे हे ठरवण्यासाठी प्रयोगशाळेत शेपटीचा किंवा कानाचा बारीक तुकडा घेऊन डीएनएच तपासतात.

किरणांचा मारा झाल्यानंतर मात्र रंग काही सांगू शकतो. काळ्या उंदरांचे केस त्यानंतर पांढरे होऊ लागतात आणि डीएनए तुटल्याची वर्दी पेशीला देणारे एटीएम हे जनुक नसेल, तर त्यासाठी कमी मात्राही पुरते. याच जनुकातील दोषामुळे माणसांत अ‍ॅटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया हा दुर्मीळ आजार होतो, ज्यात मुलांचा तोल जातो आणि डोळ्यांत लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात. एटीएम नसलेले उंदीर खुजे व वंध्य असतात, काही महिन्यांतच त्यांना छातीतील थायमस ग्रंथीचा कर्करोग होतो आणि किरणे त्यांना मुळीच सोसत नाहीत. पण मुलांमध्ये ठळक दिसणारा चालण्यातील दोष त्यांच्यात सहज दिसत नाही. किरणांबाबतचे साम्य मात्र खरे आहे : या आजाराच्या रुग्णाला कर्करोग झाल्यास किरणोपचाराची नेहमीची मात्रा त्याच्या जिवावर बेतू शकते.